ईएसबीला बाहेरून मेसेज कसा पाठवायचा, आणि माझा दोनदा कसा गेला

आजचा एपिसोड थोडा टेक्निकल आहे, पण टपरीवर यूपीआयने पैसे देताना गोल गोल फिरणारं चक्र तुम्ही बघितलं असेल, तर अर्धा विषय तुम्हाला आधीच कळलाय.

आधी ईएसबी, म्हणजे एंटरप्राइज सर्व्हिस बस. कंपनीत बिलिंग, स्टॉक, अकाउंट्स अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलायचं तर वायरींचा गुंता होतो. म्हणून मधे एक बस ठेवतात. सगळे तिच्याकडे मेसेज देतात, ती योग्य ठिकाणी पोचवते.

आता तुमचा प्रोग्रॅम बसच्या बाहेर, दुसऱ्याच मशीनवर असेल तर? मी ज्यावर काम केलं ते म्यूल, त्याची जुनी ३ नंबरची आवृत्ती. तिथे सर्व्हरवर एक एजंट ठरलेल्या पोर्टवर कान लावून बसतो. आपल्याकडच्या क्लायंटमध्ये रिमोट डिस्पॅचर असतो. तो मेसेज पॅक करून एजंटकडे देतो आणि एजंट तो आत पोचवतो. एक लक्षात ठेवा: डिफॉल्टला हे पॅकिंग जावा सिरियलायझेशनने होतं. त्यामुळे पाठवलेला क्लास दोन्हीकडे असावा लागतो. आणि ते पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं ठेवायचं नाही, म्हणजे नाहीच.

क्लायंटकडे मुख्य कामं तीन.

डिस्पॅच: पत्र पेटीत टाकलं आणि निघालो. उत्तराची वाट बघायची नाही.

सेंड: फोन लावला आणि उत्तर येईपर्यंत लाइनवर थांबलो. किती थांबायचं, तो टाइमआउट मिलिसेकंदात.

रिक्वेस्ट: आपणच पेटी उघडून बघतो, काही आलंय का. ठरलेल्या वेळात काही नसेल तर हातात नल येतो.

आता माझा घोळ. पहिली नोकरी, ऑर्डर पाठवायचा कोड. मी सेंड वापरलं, टाइमआउट ५००० ठेवला, आणि उत्तर नाही आलं तर परत पाठव असं लिहिलं. टेस्टिंगला मस्त चाललं. मग महिनाअखेर आली, पलीकडची सिस्टीम मंदावली, तिला सात सेकंद लागायला लागले. माझा क्लायंट पाचव्या सेकंदाला कंटाळून तीच ऑर्डर पुन्हा पाठवायचा. पहिली मात्र आत व्यवस्थित नोंदली जात होती! ४० बॉक्स मागवणाऱ्या दुकानदाराच्या दारात ८० उतरले. गोडाऊनमधून फोन आला तेव्हा मला घाम फुटला. माल परत आला, पण भाड्याचा भुर्दंड बसला आणि त्या दुकानदाराला उत्तर देताना आमच्या सेल्सवाल्या दादाची मान खाली गेली. चूक माझी, बोलणी त्याने खाल्ली.

तर मुद्दा हा: टाइमआउट म्हणजे 'काम झालं नाही' असं नाही. टाइमआउट म्हणजे 'मला माहीत नाही'. मेसेज जाताना हरवला असेल, किंवा काम होऊन फक्त उत्तर उशिरा निघालं असेल. क्लायंटला दोन्ही सारखंच दिसतं.

मग टाइमआउट वाढवू? तात्पुरता आराम पडेल, पण उद्या दहा सेकंद लागले तर पुन्हा तेच. खरा उपाय असा की तोच मेसेज दोनदा आला तरी काम एकदाच झालं पाहिजे. म्यूलमध्ये यासाठी आयडेम्पोटंट मेसेज फिल्टर आहे. आलेले आयडी तो लक्षात ठेवतो आणि रिपीट आलेला अडवतो.

इथेही मी आपटलो. फिल्टर लावला, तरी डुप्लिकेट चालूच! कारण डिफॉल्टला तो मेसेजचा स्वतःचा आयडी बघतो, आणि मी पुन्हा पाठवताना नवा मेसेज बनवायचो, म्हणजे आयडीही नवा. शेवटी ऑर्डर नंबरच आयडी म्हणून द्यायला सांगितलं, तेव्हा थांबलं. तो नंबर पहिल्यांदा पाठवण्याआधीच ठरलेला हवा. आणि आयडींची यादी डिस्कवर ठेवा. नुसती मेमरीत असेल तर सर्व्हर रिस्टार्ट झाला की सगळं विसरतो.

म्हणून टपरीवर चक्र फिरत राहिलं तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. आधी हिस्टरी उघडून त्या व्यवहाराचं स्टेटस बघा. कोड लिहिताना पण हेच: आधी विचारा, मग पाठवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!