चौसष्ट घरं, भाग 9 : रेटिंग अडतं तेव्हा

मागच्या आठवड्यात आपण हत्ती आणि प्याद्यांचे शेवट पाहिले. आज पटापासून जरा बाजूला होतो, कारण आजच्या विषयापायी बेळगाव-निपाणी पट्ट्यातली चांगली खेळणारी मुलं बुद्धिबळ सोडताना मी पाहतो आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं भराभर जातात. शाळेत नाव होतं, तालुक्यात कप मिळतो, रेटिंग लागतं. मग ते रेटिंग एका आकड्यावर येऊन बसतं. क्लास चालू, मोबाईलवर कोडी सोडवणं चालू, आकडा मात्र जागचा हलत नाही. दहावी जवळ आली की घरात विचारणा सुरू होते, "अजून किती दिवस हे?"

रेटिंग अडणं आणि खेळ अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं खचतात ती पहिलीमुळे. दुसरी खरोखर घडली आहे का, हे कुणी तपासतच नाही.

आधी आकड्याचं बघू. 1 मार्च 2024 रोजी फिडेनं 2000 च्या खालच्या सगळ्या खेळाडूंचं रेटिंग एकदम वर नेलं. 2000 पर्यंत जेवढं अंतर होतं, त्याचे चाळीस टक्के प्रत्येकाला मिळाले. 1500 चा खेळाडू सकाळी उठला तो 1700 चा झाला, एकही चाल न खेळता. फिडेला हे करावं लागलं, कारण खालच्या थरातले आकडे खेळापेक्षा मागे पडत चालले होते. नवी मुलं कमी रेटिंगनं आत येतात, झपाट्यानं सुधारतात आणि वाटेत भेटेल त्याचे गुण घेऊन पुढे जातात. आपल्या देशात अशी मुलं उदंड आहेत.

एक डाव घ्या. तुम्ही विशीतले, 1600 चे. समोर 1450 चा बारा वर्षांचा मुलगा. हिशेबानं तुमच्याकडून 0.70 गुणाची अपेक्षा आहे. तुम्ही हरलात तर मोठ्यांच्या 20 च्या गुणकानं तुमचे 14 गुण जातात आणि लहानांच्या 40 च्या गुणकानं त्याला 28 मिळतात. तो मुलगा त्या दिवशी खरोखर 1650 च्या ताकदीचा असेल, तर तुम्ही काही वाईट खेळलेला नसता. पण यादीत तुमचे 14 कमी दिसतात. भोवतालची सगळी फळी वर चढत असताना तुमचा आकडा जिथल्या तिथे राहिला, तर तुम्हीही तिच्याबरोबर वर चढला आहात.

शिवाय नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत बरोबरीच्या खेळाडूंविरुद्ध अपेक्षा साडेचार गुणांची असते. जिंकत आलेला एकच डाव घड्याळाच्या घाईत घालवलात, तर पूर्ण गुणाचा, म्हणजे रेटिंगमध्ये वीसचा फरक पडतो. वर्षाला दोन-तीन स्पर्धा खेळणाऱ्याचे डाव होतात पंचवीसच्या आसपास. तेवढ्यावरून "मी वर्षभर अडलोय" असं ठरवणं घाईचं आहे.

आपल्या भागात डाव कमी पडतात, याला भूगोलाचंही कारण आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, सांगलीही एका दिवसात जाऊन येण्याजोगी. पण राज्य निवड कर्नाटकातून, आणि बेंगळुरू बेळगावपासूनच पाचशे किलोमीटरच्या पुढे. तिथे जायचं तर रात्रीचा प्रवास, लॉज, सोबत रजा घेतलेले वडील किंवा मामा. एवढा खर्च झाला की मुलगा पटावर बसतो तो तिकिटाचे पैसे वसूल करायला, आणि तसं खेळून कुणाचाच खेळ फुलत नाही. माझा सल्ला असा की निवड स्पर्धा वर्षातून एखादीच धरावी आणि बाकीचे डाव जवळच्या खुल्या रेटिंग स्पर्धांत खेळावेत, मग त्या सीमेच्या पलीकडे का असेनात. खुल्या स्पर्धेत नोंदणी कुठल्या राज्याची आहे यानं अडत नाही.

आता खरोखर खेळ अडला असेल तर? तसंही होतंच. सुरुवातीच्या पातळीवर डाव फुकट दिलेल्या मोहऱ्यांवर ठरतात. ते देणं थांबलं की रेटिंग आपोआप वाढतं, आणि आपल्याला वाटतं की सराव फळतोय. पुढे समोरचाही फुकट काही देत नाही. डाव हातातून निसटतो तो कुठेतरी पंधराव्या-विसाव्या चालीला, आणि कुठे ते कळतही नाही. अशा वेळी खेळाडू जे जमतं तेच आणखी करतो. सिसिलियनचे पंधरा व्हिडिओ पाहतो, सोपी कोडी भरभर सोडवतो. त्यात बरं वाटतं, खेळ मात्र तिथेच राहतो.

1973 मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी पट पाच सेकंद दाखवून मोहरे पुन्हा मांडायला सांगितले. खऱ्या डावातली स्थिती मास्टरला नवख्यापेक्षा कितीतरी जास्त आठवली. मोहरे वाटेल तसे विखुरले, तेव्हा हा फरक जवळजवळ मिटला. म्हणजे मास्टरकडे जास्तीचा असतो तो ओळखीच्या रचनांचा साठा, आणि तो भरायला प्रत्येकाला सारखा वेळ लागत नाही. गोबे आणि कंपितेली यांनी 2007 मध्ये अर्जेंटिनाच्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मास्टरच्या पातळीला कुणी सुमारे 3,000 तासांत पोचला होता, तर कुणाला 23,000 हून अधिक लागले होते. शेजारच्या बाकावरचा मुलगा पुढे गेला म्हणून आपली धाव संपली, असं यातून मुळीच निघत नाही.

उशिरा पोचणाऱ्यांची उदाहरणं जवळच आहेत. कर्नाटकचा पहिला ग्रँडमास्टर म्हैसूरचा तेजकुमार. बेळगाव स्टेशन ज्या नैऋत्य रेल्वेत येतं, त्याच रेल्वेत तो नोकरीला. कितीतरी वर्षं आंतरराष्ट्रीय मास्टर म्हणून काढल्यावर 2017 मध्ये, पस्तिशीच्या आसपास, त्याला किताब मिळाला. तो भारताचा पन्नासावा ग्रँडमास्टर. प्रवीण ठिपसे 1982 मध्येच राष्ट्रीय विजेते झाले होते, त्यांना ग्रँडमास्टर व्हायला 1997 उजाडलं. नाशिकचा विदित गुजराथी 2700 ओलांडणारा चौथा भारतीय, पण नंतर काही वर्षं तो त्याच आकड्याच्या आगेमागे राहिला. 2023 च्या ग्रँड स्विसमध्ये तो पहिलीच फेरी हरला आणि अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण करून स्पर्धा जिंकला. तिथूनच त्याला टोरांटोच्या कँडिडेट्सची जागा मिळाली.

मात्र ही माणसं एकट्याच्या जिद्दीवर टिकली, असं समजू नका. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपानं मुलांसाठी एक जागा उभी केली. भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे त्याच सांगलीच्या. रोज संध्याकाळी जिथे पट मांडलेला असतो, आपण हरलेला डाव बघायला दोन जण वाकतात आणि "इथे घोडा का नाही आणलास?" असं कुणी हक्कानं विचारतं, तिथे मूल रेटिंगची यादी विसरून खेळतं. बेळगावात, निपाणीत, खानापुरात, चिकोडीत अशी जागा लागतेच. त्याला मोठी इमारत नको. वाचनालयातलं एक टेबल आणि आठवड्याची ठरलेली वेळ एवढं पुरतं.

या आठवड्याचा गृहपाठ. हरलेल्या शेवटच्या दहा डावांच्या स्कोअरशीट काढा. एंजिन लावू नका. जिथे डाव बिघडला असं वाटतं, त्या चालीपुढे आपण तेव्हा काय विचार करत होतो ते मराठीत एका ओळीत लिहा. उरलेली मिनिटं नोंदवली असतील तर तीही बघा. नोंदवत नसाल तर पुढच्या स्पर्धेपासून सुरू करा, नियमात त्याला परवानगी आहे. दहा ओळी झाल्या की मगच एंजिन उघडून ताडून पाहा. दहांपैकी चार-पाच ठिकाणी एकच चूक सापडली, तर पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यास तेवढाच ठेवा. अनेकांच्या बाबतीत ती चूक घड्याळाची निघते, म्हणून पुढच्या भागात शेवटच्या दहा मिनिटांत खेळायचं कसं ते पाहू.