नोटीस दिली की संप करता येतो?

“संपावर बंदी आहेच कुठे? फक्त १४ दिवसांची नोटीस द्यायची.” औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली, तेव्हापासून हे वाक्य मी सतत ऐकतो आहे. शिवाय, नोटिशीची अट आंतरराष्ट्रीय मानकांनाही मान्य आहे, असंही वर सांगितलं जातं.

हे शेवटचं खरं आहे. वाजवी मुदतीच्या नोटिशीला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, आक्षेप नाही. पण संहिता नोटिशीवर थांबतच नाही. पुढची कलमं वाचा ना! नोटीस पोचली की समेट अधिकारी बैठक बोलावतो. पहिली बैठक भरली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं कायदा धरतो. ती चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप बेकायदा. समेट फिसकटला तर कोणताही एक पक्ष ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. म्हणजे मालकसुद्धा, कामगारांना न विचारता. तो अर्ज निकाली निघेपर्यंत आणि त्यानंतरचे ६० दिवस संप पुन्हा बेकायदाच. आणि मूळ नोटीस तर ६० दिवसांपुरतीच चालते. संप कधी करायचा, ते आता सांगा.

जुनं तरी काय वेगळं होतं, असं कुणी विचारेल. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोटिशीची सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती. पगारवाढीसारखा सामूहिक वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा तर सरकारचा आदेश लागे. आता नोटीस प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत लागते आणि न्यायाधिकरणाचं दार मालक एकटा ठोठावू शकतो.

आयएलओची संघटना स्वातंत्र्य समिती १९५२पासून संपाला कामगारांचा न्याय्य अधिकार मानते. एका पक्षाच्या अर्जावर वाद सक्तीने निवाड्याला नेऊन संप थांबवणं तिला सरसकट मान्य नाही. दोन्ही पक्षांची तयारी, राज्यसत्तेच्या नावाने अधिकार वापरणारे सरकारी कर्मचारी, तीव्र राष्ट्रीय संकट किंवा खरोखरची अत्यावश्यक सेवा, एवढेच अपवाद ती धरते.

‘अत्यावश्यक’ म्हणजे सरकार म्हणेल ते, हा आणखी एक गैरसमज. आयएलओची कसोटी आहे जिवाला, सुरक्षिततेला किंवा आरोग्याला धोका. रुग्णालयं, वीज, पाणी तीत बसतात. बँका आणि प्रवासी वाहतूक साधारणपणे बसत नाहीत. आपल्याकडे मात्र एसटीच्या संपातही मेस्माचा, म्हणजे राज्याच्या अत्यावश्यक सेवा कायद्याचा, इशारा दिला गेला.

संप हा राज्यघटनेतला मूलभूत हक्क आहे? नाही. तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये तो साफ नाकारला.

भारताने संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींबद्दलचे आयएलओचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार मंजूर केलेले नाहीत, म्हणून आपल्यावर काहीच बंधन नाही? हेही चूक. आयएलओच्या १९९८च्या जाहीरनाम्यानुसार करार मंजूर केला नसला तरी संघटना स्वातंत्र्याच्या तत्त्वांचा आदर सदस्य देशांनी करायचाच आहे.

सामूहिक रजा म्हणजे संप नव्हे? निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, की संहितेच्या लेखी तो संपच. आणि बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. शांततेने काम थांबवल्याबद्दल तुरुंग दाखवणारं हे कलम आधी काढायला हवं, आणि मालकाच्या एकट्याच्या अर्जाने संप रोखणारं त्यासोबतच.