बैलाचा गुडघा नेमका कुठं?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. किनवटच्या शिवारात लाल कंधारी बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळताना एक गंमत हाताखाली असते. आपल्यासारखं गळ्याचं आडवं हाड बैलाला नसतंच. खांद्याचं पातं धडाला फक्त स्नायूंनी बांधलेलं असतं. धावताना, ओढताना बसणारा हादरा हा मांसल झोळाच झेलतो. वशिंडातही हाड नाही, स्नायू आणि चरबीच.

आता पाय बघा. पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याला आपण सर्रास गुडघा म्हणतो. हाडांच्या हिशेबानं ते मनगट आहे. मागच्या पायाचा मागं निघालेला टोकदार कोपरा म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ लपलेला असतो. मनगटाखालचं लांब सरळ हाड म्हणजे तळहाताची मधली दोन हाडं जुळून झालेलं एकच हाड. मागच्या पायात तळपायाचं तसंच.

म्हणजे बैल चालतो तो बोटांच्या टोकांवर! दुभंगलेला खूर म्हणजे मधल्या दोन बोटांची नखं.

मान मात्र आपल्यासारखीच. बैल, माणूस आणि जिराफ, तिघांच्याही मानेत मणके 7. बरगड्यांच्या जोड्या आपल्याला 12, बैलाला 13.

यंदा पोळ्याला खूर धुताना त्यामागं, जरा वर असलेल्या दोन खुट्या चाचपून बघा. तर्जनी आणि करंगळी उरल्यात त्या तेवढ्याच. अंगठा कुठंच सापडणार नाही.