बिनदाराची घरं आणि विहिरीतला हंसराज

शनिशिंगणापूरची शिळा उघड्या चौथऱ्यावर, ऊन-पाऊस अंगावर घेत उभी आहे. आकाश हेच माझं छप्पर, असं देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, ही कथा तिथलं लहान पोरही सांगतं. देवाला वाहतात ती रुईची पानंही उन्हातलीच. जाड, पांढुरक्या लवेची, मे महिन्यात सगळा बांध करपला तरी हिरवी राहणारी. अशा गावात बसून सावलीतल्या झाडांबद्दल लिहायचं, याला कारण तिथल्या घरांच्या बिनदाराच्या चौकटी. दार नसलेल्या घरात उजेड कुठवर पोचतो आणि कुठे संपतो, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

चाळीस वर्षं मी नेवासे-राहुरीच्या पट्ट्यात लोकांच्या घरातल्या कुंड्या बघत आलो आहे. झाड अंधाराने मेलं, असं लोक सांगतात. कुंडी पालथी केली की बहुतेक वेळा मुळं सडलेली निघतात. सावलीतलं झाड कमी कमावतं, म्हणून पाणीही कमी पितं. आपण मात्र अंगणातल्या जास्वंदीच्या हिशेबाने त्याला पाणी घालतो. अंधारात ठेवून रोज पाणी घालणं, यात दोन चुका एकदम होतात.

उजेडाच्या बाबतीत डोळा फसवतो. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो; आतल्या भिंतीपाशी तो शे-दोनशेवर येतो. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली उजळ वाटते. पानाला बाहुली नसते. म्हणून दुपारी पांढऱ्या कागदावर हातभर उंचीवर तळवा धरावा. बोटांची सावली रेखीव पडली तर तिथे बरंच काही जगेल, पुसट पडली तर मोजकीच झाडं तगतील, पडलीच नाही तर तिथे झाड ठेवू नये. गावातल्या एका घरी वहिनी म्हणाल्या, "दादा, मनीप्लांट नुसता लांबतोय, पानं मात्र बारीक." कुंडी चुलीमागच्या भिंतीशी होती आणि चौकटीत कुत्री येऊ नयेत म्हणून जाड पडदा सोडलेला. कागदावर सावली उमटलीच नाही. पडदा दिवसा वर बांधला, कुंडी चौकटीपासून चार हातांवर आणली आणि वेलाला चढायला काठी दिली. काठीला गुंडाळलेली शेंडी देवळातल्या नारळांचीच. मनीप्लांट चढता असला की पान मोठं धरतो, लोंबता ठेवला की बारीक होतो. पुढच्या खेपेला वहिनींनी तळहाताएवढं पान मला उलटंसुलटं करून दाखवलं.

आमच्या जुन्या माळवदाच्या घरांना छपरात साणं असायचं. त्यातून उजेडाचा खांब माजघरात उतरायचा आणि दिवसभरात भिंतीवरून सरकायचा. वरून येणारा उजेड झाडाला चारी बाजूंनी सारखा वाढवतो, कुंडी फिरवत बसावी लागत नाही. स्लॅब आले आणि साणी गेली.

बाजारातल्या झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. स्नेक प्लांट आणि झेडझेड दोन्ही आफ्रिकेतली. पहिल्याच्या जाड पानात पाणी असतं, दुसऱ्याच्या मातीखालच्या बटाट्यासारख्या गड्ड्यांत. हिवाळ्यात तीन आठवडे पाणी विसरलात तरी चालेल. अग्लोनिमात हिरव्या पानाचा घ्या, लाल पानाला उजेड जास्त लागतो. पीस लिलीला आमचं बोअरचं पाणी सोसत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा क्षार धरतो, पानांची टोकं करपतात. तिच्यासाठी पावसाचं पाणी साठवावं. आणि काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की ती चिखल होऊन मुळं गुदमरवते, वाळली की भेगाळून मुळं तोडते. विटांचा चुरा, नारळाची शेंडी आणि जुनं शेणखत पुरे.

घरात चार कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, असं छातीठोक सांगणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत. त्यांचा आधार 1989 चा नासाचा अभ्यास. तो हवाबंद पेट्यांत केलेला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा निघाला. खऱ्या घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा त्याचा हिशेब आहे. बिनदाराच्या घराला तर वारा आहेच. झाड घरात ठेवायला त्याचं हिरवेपण पुरेसं कारण आहे, हे मी या मंडळींना वर्षानुवर्षं सांगतो आहे.

आता माझ्या हंसराजाकडे, म्हणजे विहिरीतल्या नेच्याकडे येतो. सावलीतलं झाड म्हणजे परदेशातून आलेलं, ही समजूत ज्याला खोडायची असेल त्याने जुन्या बारवेत उतरावं. चुन्यात बांधलेल्या भिंतीत, पाणी पाझरतं त्या सांध्यात, हंसराजाचे झुपके लोंबत असतात. काळे, चकचकीत, घोड्याच्या केसासारखे देठ आणि त्यांवर पंख्यासारखी नाजूक पानं. पान पाण्यात बुडवून काढा, थेंब ओघळून जातो आणि पान कोरडंच राहतं. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅडियँटम, ग्रीकमधून आलेलं, 'न भिजणारं' अशा अर्थाचं. चुन्याच्या भिंतीवरच्या या जातीला आमचं जड पाणी चालतं. कोरडा वारा मात्र चालत नाही. घाटात पावसाळ्यात दरडींवर येतो तो दुसरा. तो दिवाळीनंतर वाळतो आणि पावसाबरोबर परत फुटतो, तेव्हा वाळली कुंडी फेकून देऊ नका.

माझे दोन हंसराज मेले. एक काळ्या मातीत सडला, दुसरा पंख्याखाली दोन दिवसांत कागदासारखा झाला. तिसरा जगला तो माठामुळे. घडवंचीवर माठ, खाली पाझर टिपायला परात, परातीत विटेचा तुकडा आणि विटेवर कुंडी. कुंडीचं बूड पाण्याला लागत नाही, पण माठाचा गारवा आणि ओल दिवसभर पानांभोवती राहते. चौकटीतून तिरपा उजेड येतो, ऊन येत नाही. नगरच्या उन्हाळ्यात विहिरीतली हवा घरात आणायला माठाइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

तो तिसरा झुपका बुजवल्या जाणाऱ्या विहिरीतला. शेजारच्या रानात बोअर घेतला आणि विहिरीत जेसीबीने मुरूम लोटायला सुरुवात झाली. मी चालकाला अर्धा तास थांबायची विनंती केली, दोराने उतरलो आणि झुपका विटेसकट काढला. मुळांना चिकटलेला चुना तसाच ठेवला. अशा किती विहिरी गेल्या, किती बारवांत आज प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगतात! एकेक विहीर बुजते तेव्हा तिच्या भिंतीवर वर्षानुवर्षं रुजलेली ही वस्ती नाहीशी होते, आणि तिची नोंद कुठेच होत नाही. इकडे यात्रेकरूंच्या लॉजमध्ये गेलो तर काउंटरवर प्लॅस्टिकचे नेचे, धुळीने राखाडी झालेले. गावातही काही ठिकाणी आता शटर आली आहेत. शटर ओढलं की आत दिवसाही बल्ब लागतो. युको बँकेने 2011 मध्ये इथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा निदान काचेचं दार बसवलं होतं. काचेआड झाड जगतं.

त्या वहिनींना मी गेल्या श्रावणात हंसराजाचा फुटवा दिला, विटेच्या तुकड्यासकट. त्यांच्याकडे माठ चौकटीच्या उजव्या हाताला आहे, जागा माझ्यापेक्षा चांगली. परवा त्यांचा फोन आला. मधोमध मुठीसारखं वळलेलं काहीतरी वर आलंय, कीड तर नाही ना, विचारत होत्या. कोवळं पान आहे, म्हटलं, हात लावू नका, आठवड्यात उलगडेल.