रंगभवन ते ‘दशावतार’ : मुंबईच्या मेटल संगीताची वाट

थ्रॅश मेटल ही रॉक संगीताची अतिवेगवान शाखा १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आकाराला आली. तिचे मर्म गिटारवादकाच्या उजव्या हातात आहे : तळहाताची कड घोडीजवळ तारांवर किंचित टेकवून तार झपाट्याने छेडली, की स्वर लांबत नाही, तर तुटक, जड आघात होऊन उमटतो. त्याच्या जोडीला दोन्ही पायांनी वाजवले जाणारे ढोल असतात आणि श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या अकोल्याच्या कावडीतला ढोल जसा कानाआधी छातीला जाणवतो, तसाच हा नादही जाणवतो.

ब्राझीलच्या बेलो होरिझोंटे शहरात १९८४ साली कॅव्हलेरा बंधूंनी उभा केलेला ‘सेपुल्तुरा’ हा वाद्यवृंद याच नादावर वाढला; मात्र १९९६च्या ‘रूट्स’साठी त्याने शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले आणि आपल्या भूमीचा आवाज मेटलमध्ये आणला.

मुंबईत हे संगीत दीर्घकाळ ‘अंडरग्राउंड’, म्हणजे चित्रपटसंगीताच्या बाजारपेठेबाहेर, पदरमोड करून जगले. धोबी तलावाजवळचे खुले रंगभवन हे त्याचे हक्काचे ठिकाण होते, परंतु तो परिसर शांतता क्षेत्रात मोडत असल्याने तेथील मैफली थांबल्या. १९९८ साली स्थापन झालेला ‘सेप्टर’ थ्रॅशशी एकनिष्ठ राहिला. २००० साली साहिल मखिजा यांनी सुरू केलेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने मात्र डेथ आणि ब्लॅक मेटल या अधिक उग्र प्रकारांची कीबोर्डशी सांगड घातली. गिटारच्या तुटक आघातांमागे कीबोर्डचे दीर्घ स्वर रेंगाळत राहिले, की वेग तोच असूनही ऐकणाऱ्याभोवती एक अवकाश उभा राहतो. अशा संगीताला वातावरणप्रधान म्हणतात. मखिजा यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली, महोत्सवही भरवला, आणि ही खटपट गाण्यांइतकीच मोलाची आहे, कारण तिच्यामुळे इतर वाद्यवृंदांनाही मंच मिळाला.

२०१७चा ‘दशावतार’ हा या वाद्यवृंदाचा सर्वांत धाडसी प्रयोग म्हणावा लागेल. मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या अवतारकथा त्यात आहेत, सतारीचे सूरही आहेत. आणि घशातून काढलेला खर्जातला गुरगुराट, जो एरवी नवख्या श्रोत्याला निरर्थक वाटतो, तो नरसिंहाच्या कथेत अगदी स्वाभाविक ठरतो. गीते इंग्रजीत असल्याने, कीर्तनातून हीच आख्याने ऐकत आलेल्या वऱ्हाडी श्रोत्यापर्यंत ती सहज पोचत नाहीत, ही उणीव खरी आहे. ती मराठी शब्दांनीच भरून निघू शकेल.