गुंठ्याएवढा ठिपका

हिंजवडी-माण रस्त्यावर वाहनांच्या रांगेत अडकलेल्या कुणालाही विचारा, ‘पूर्वी इथं सगळी शेतीच होती’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पूर्वी म्हणजे नेमकं कधी, किती शेती होती, कोणतं रान कोणत्या वर्षी गेलं, हे मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. त्याची नोंद आहे. सातशे ते नऊशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह ती ठेवत आले आहेत.

अमेरिकेचा पहिला लँडसॅट 23 जुलै 1972 रोजी अवकाशात गेला, आपला आयआरएस-1ए मार्च 1988 मध्ये. 1984 पासूनच्या लँडसॅट चित्रांत एक ठिपका, म्हणजे एक पिक्सेल, जमिनीवरच्या 30 मीटर लांब-रुंद तुकड्याचा असतो. आपल्या हिशेबात सुमारे नऊ गुंठे. 2015 मध्ये आलेल्या युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहानं हा ठिपका 10 मीटरवर आणला. क्षेत्रफळ 100 चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक गुंठा. ज्या मापानं आपल्याकडे जमीन तुकड्यातुकड्यानं विकली जाते, त्याच मापानं ती आता आकाशातून दिसते.

शेत कोणतं आणि इमारत कोणती, हे ओळखण्याची किल्ली पानात आहे. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत पाठवतं. सिमेंट-काँक्रीटमध्ये या दोहोंत एवढा फरक पडत नाही. या दोन किरणांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनं भागलं की हिरवाईचा निर्देशांक मिळतो. त्याला ‘एनडीव्हीआय’ म्हणतात. भरात आलेल्या पिकाचा आकडा बहुधा 0.6 च्या वर जातो, उघड्या जमिनीचा 0.2 च्या आसपास किंवा त्याखाली राहतो.

पण एकाच चित्रावर विसंबलं तर फसगत होते. मे महिन्यात नांगरून तापायला ठेवलेलं रान आणि मुरूम टाकून सपाट केलेला प्लॉट, दोन्ही वरून सारखेच उजाड दिसतात. पावसाळ्यात तर ढगच आड येतात. म्हणून जाणकार वर्षावर्षांची चित्रं ओळीनं लावून पाहतात.

ज्वारीच्या एका रानाचा आलेख डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली की रेषा चढू लागते, हुरड्याच्या दिवसांपर्यंत उंच राहते, फेब्रुवारीत काढणीबरोबर उतरते आणि उन्हाळाभर तळाशी असते. पुढच्या वर्षी पुन्हा तीच लाट. उसाची रेषा बारा-पंधरा महिने उंच राहते, तोडणीला धाडकन कोसळते आणि खोडवा फुटला की परत चढते. इमारतीची रेषा मात्र तळाशी सपाट, सुगी नसलेली.

लाट आणि सपाट रेषा यांच्या मधला काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. शेत एका दिवसात इमारतीखाली जात नाही. अनेकदा आधी एका वर्षी रब्बीची लाटच येत नाही. पावसाळ्यात नुसतं गवत वाढल्याची बारीक उंची दिसते, दिवाळीनंतर तीही वाळते. पुढच्या एखाद्या चित्रात मुरमाच्या दोन-तीन फिकट, सरळ रेघा उमटतात. ते प्लॉटिंगचे रस्ते. स्लॅब त्यानंतर पडतो. सातबाऱ्यावर तोवर ती शेतजमीनच असू शकते.

ओढा कुठून वाहतो, पाणी कुठं मुरतं, रस्ता किती रुंद हवा, हे ठरवायची वेळ हीच असते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरानं माणसं नेली. जमीन बांधली गेली की पाऊस तिच्यात मुरत नाही, ओढ्याकडे धावतो. तोवर ओढ्याचंच पात्र आवळलेलं असेल तर तो घरांत शिरतो.

उपग्रहाला सगळं कळत नाही. अंगण, पत्रा आणि आंब्याचं झाड एकाच ठिपक्यात मिसळून जातात. जमीन का विकली, विहीर आटली म्हणून, लेकीच्या लग्नासाठी की कर्ज फेडायला, हे तर कोणत्याच चित्रात उमटत नाही. त्यासाठी शिवारात जाऊन बांधावर बसावं लागतं. पण कोणत्या बांधावर जायचं, एवढं चित्र नक्की सांगतं.

लँडसॅटची चित्रं 2008 पासून सगळ्यांसाठी मोफत आहेत, सेंटिनेलचीही. गावातल्या शाळेचा संगणक त्यांना पुरतो. येत्या जानेवारीत आपल्या शिवाराचं चित्र उघडा, मागच्या पाच जानेवारींची चित्रं शेजारी ठेवा आणि यंदा रब्बीची लाट कोणत्या रानांत आली नाही ते मोजा. ती यादी घेऊन ग्रामसभेला जा. त्या रानांतून वाहणाऱ्या ओढ्याचं काय होणार, हे विचारायला तेव्हा अजून वेळ असेल.