खापरखवल्याचं इंजिन

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर येतं. या गावाचं नाव एका बिनविषारी सापाला मिळालं आहे: युरोपेल्टिस मॅक्रोलेपिस महाबळेश्वरेन्सिस. व्ही. के. चारी यांनी १९५५ मध्ये या उपप्रजातीचं वर्णन केलं. त्याच्या कुळातल्या सापांना मराठीत खापरखवल्या म्हणतात.

पावसाने माती तुडुंब भिजली की हा साप बिळातून वर येतो. मग रस्त्यावर गाडीखाली जातो, नाहीतर ‘दुतोंड्या’ म्हणून काठी खातो. लांबी जेमतेम फूटभर, काळसर चकचकीत अंगावर पिवळ्या खुणा. हातात घेतला तर चावत नाही, बोटाला विळखा घालतो. गांडुळं खातो, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो.

घोटाळा होतो शेपटीमुळे. डोकं निमुळतं, डोळे बारीक. शेपूट मात्र तिरकी छाटल्यासारखी, खरखरीत खवल्यांची. त्या खवल्यांत माती अडकून थर जमतो आणि साप आत शिरला की बिळाचं तोंड त्याच थराने बुजतं. उरलेलं अंग इतकं गुळगुळीत, की त्याला माती चिकटत नाही! खवल्यांवरच्या सूक्ष्म रेषांमुळे उन्हात त्यावर इंद्रधनुषी झाक उमटते.

कातडीच्या आतली रचना त्याहून विलक्षण. ती उलगडली कार्ल गान्स यांनी. जर्मनीत जन्मलेले हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ मुळात यंत्र अभियंता. हार्वर्डची डॉक्टरेट मिळण्याआधी बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. १९७८ मध्ये डेसॉअर आणि बाल्डविन यांच्यासह त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं, की या सापांच्या पुढच्या भागातले स्नायू लालभडक असतात, मायोग्लोबिन आणि मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेले, न थकता राबणारे. मागचे स्नायू फिकट, पांढुरके. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी मालगाडी आणली. कोकण रेल्वेच्या वीर स्थानकातून जाते तशीच: इंजिन पुढे, माल मागे. खोदताना पुढच्या भागातला कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो, अंग जाड होऊन बिळाच्या भिंतींना रुततं आणि त्या आधारावर डोकं पुढे घुसतं. हे सुचायला बॉयलरजवळ उभा राहिलेला माणूसच हवा होता!

भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून हे कुळ जगात कुठेही नाही. तरी मांडुळाच्या तस्करीला बातमीत जागा मिळते, खापरखवल्याला क्वचितच. २०१६ मध्ये डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी याच कुळातल्या एका काळ्या सापाची नवी प्रजाती जाहीर केली आणि कात्रजच्या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचं नाव तिला दिलं: मेलानोफिडियम खैरेई. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापासून गोवा आणि कर्नाटकापर्यंत तो मातीखाली नांदत होता, इतकी वर्षं दुसऱ्याच प्रजातीच्या नावाने.